वाऱ्यानं आणलेली काळी

आमच्या बार्शीकडे रान किती एकर हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "खाली मुरूम कितीवर लागतो?" सोयरीक जुळवतानाही हा प्रश्न कुणीतरी म्हातारा हळूच पुढे सरकवतोच. हातभर माती असली तर 'बरं आहे' म्हणायचं आणि पुरुषभर असली तर पाव्हण्यांना आणखी एक चहा. मातीची खोली हा आमच्या घरात पिढीजात चघळलेला विषय. वडिलांनी विहीर खोदताना निघालेला थरन् थर मला लहानपणी पाठ होता.

त्यामुळे मुलगी शिकायला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी गेली, आणि पहिल्याच भेटीत तिच्या गाडीतून जाताना रस्त्याकडेला कापलेली टेकडी दिसली, तेव्हा मी "थांबव, थांबव" असं ओरडलोच. तीन-चार पुरुष उंचीची उभी मातीची भिंत, आणि तिच्यात एक दगड नाही. गोटा सोडा, हरभऱ्याएवढा खडासुद्धा नाही. "बाबा, ती माती आहे," मुलगी म्हणाली. तेच तर!

किल्लीनं भिंत खरवडली. वरचा दोन फुटांचा थर काळपट तपकिरी, गव्हाच्या वाळक्या मुळांनी शिवलेला. त्याखाली पिवळसर रंग सुरू होतो तो नजर पोचेल तिथवर. चिमूटभर माती तळहातावर घेऊन पाणी घातलं आणि आमच्याकडे करतात तशी अंगठ्यानं दाबून पट्टी काढायला गेलो. काळ्या मातीची पट्टी वीतभर लोंबते. हिची बोटाच्या पेराएवढी झाली आणि तुटली. मग (मुलीनं तोंड फिरवलं) थोडी दातांखाली धरली. रेती असती तर कचकचली असती, चिकण असती तर चिकटली असती. ही मैद्यासारखी लागली. शुद्ध पोयटा.

या मुलखाला पलूस म्हणतात. आमच्या सांगलीकडच्या पलूसचा आणि त्याचा संबंध नाही, पण नाव ऐकून मला उगाच घरी आल्यासारखं झालं. वॉशिंग्टनचा पूर्व भाग आणि लगतच्या आयडाहोची कड, एवढा हा प्रदेश. समुद्राच्या लाटा होत्या तशा थिजाव्यात आणि त्यांवर कुणी गहू पेरावा, असं दृश्य. आणि या लाटांच्या खाली काय आहे? काळा पाषाण! कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला, दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. आपल्या सह्याद्रीचा धाकटा भाऊ म्हणा. आपला सहा कोटी साठ लाख वर्षांचा. नदीकाठी उघडे पडलेले त्याचे खांब पाहिले तेव्हा माझी खात्रीच झाली होती की वरची माती याच्यातूनच झिजून आली असणार. आपल्याकडे तसंच आहे ना! पाषाण, त्यावर मांजऱ्या, मग मुरूम, मग काळी. मुलगी ज्यांच्याकडे काम करत होती त्या मृदाशास्त्राच्या बाईंना मी हे मोठ्या अधिकारवाणीनं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, खालच्या खडकाचा या मातीशी काही संबंध नाही. ही वाऱ्यानं आणली आहे.

त्या दिवसापासून मी या मातीच्या नादी लागलो तो आजतागायत.

झालं असं. हिमयुगात उत्तरेकडून उतरलेल्या बर्फानं एका नदीचं तोंड बंद केलं आणि मोंटानात प्रचंड तलाव साठला. बर्फाचा बांध फुटला की तो तलाव वॉशिंग्टनभर धावत सुटे, पुन्हा बांध, पुन्हा फूट, असं अनेकदा. जे हार्लेन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकानं १९२३ मध्ये महापुराची कल्पना मांडली तेव्हा मोठमोठ्यांनी त्याला वेड्यात काढलं. १९७९ साली, नव्वदी पार केल्यावर, त्याला त्या शास्त्रातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं. तर अशा पुरांनी सखल भागात पसरलेला बारीक गाळ वाळला की नैर्ऋत्येकडचा वारा तो उचलायचा आणि पूर्वेकडे आणून टाकायचा. हे काम शेवटच्या हिमयुगापुरतं नाही, दहा लाखांहून अधिक वर्षं चाललं. काही ठिकाणी साठ-सत्तर मीटर जाडीचा थर साचलाय. मुरूम कितीवर लागतो, हे आता त्यांना कसं विचारायचं?

शास्त्राचं एका दमात उरकतो. अमेरिकी पद्धतीत मातीचे बारा मुख्य गण आहेत. गवताळ मुलखातली ही मऊ, काळपट, सेंद्रिय अंशानं भरलेली माती 'मॉलिसॉल' गणातली. लॅटिनमध्ये 'मॉलिस' म्हणजे मऊ. आपली भेगाळणारी काळी 'व्हर्टिसॉल'. त्यापुढचे उपगण अंगाई म्हणून चांगले आहेत.

खरी गोष्ट पाण्याची. आपल्या काळ्या रानाचं पाण्याशी वागणं म्हणजे रुसव्याचं. उन्हाळ्यात एवढ्या भेगा की खुरपं पडलं तर हात घालूनही सापडत नाही. पाऊस लागला की तीच माती फुगून भेगा मिटवते आणि वर पाणी तुंबतं. चपलेला दोन-दोन किलो गारा. आठ-आठ दिवस औत घालता येत नाही. वाफसा येईपर्यंत माणूस बांधावर नुसता बसून. वाफसा म्हणजे नुसती ओल नव्हे. मुळाला पाणीही मिळावं आणि श्वासही घेता यावा, अशी मातीची अवस्था. पलूसच्या मातीला हा वाफसा जणू अंगचाच आहे. पोयट्याच्या कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, आणि मुळांनी, गांडुळांनी पाडलेली मोठी छिद्रं जादा पाणी खाली सोडून हवेला वाट देतात. धरायचं तेवढं धरायचं, बाकी निचरून द्यायचं. मीटरभर खोलीत पिकाला मिळेल असं जवळजवळ दोनशे मिलिमीटर पाणी मावतं, आणि इथे खोलीला तर तोटा नाही.

आणि त्याची गरजही तशीच आहे. पुलमनचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आमच्या दुष्काळी पट्ट्याला खिजवायलाही पुरणार नाही. तोही बहुतेक हिवाळ्यात, काही बर्फाच्या रूपानं. जुलै-ऑगस्ट कोरडा ठणठणीत. तरी कॅनॉल नाही, विहीर नाही, आणि गहू एकरी वीस क्विंटलच्या पुढे! हिवाळ्यात मातीनं पिऊन ठेवलेलं पाणी गहू वसंतापासून कापणीपर्यंत खालून ओढत राहतो. हे ऐकून मी मांडीवर थाप मारली. ही तर आपली रब्बीची ज्वारी! मंगळवेढ्याच्या रानात हस्ताच्या पावसाच्या ओलीवर, पुढे एकही सर न पडता मालदांडी येते, तोच हिशेब. फरक एवढाच की पलूसची माती फाटून मुळं तोडत नाही.

ही घडण कुणाची? गवताची. नांगर येण्याआधी इथे झुबक्यांनी वाढणारं गवत आणि नाना रानफुलं होती. नेझ पर्स आणि पलूस लोक इथे कॅमस नावाच्या निळ्या फुलाचे कंद खणून जमिनीत भाजत. जॉन वीव्हर या वनस्पतिशास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी इथे खंदक खणून गवताफुलांची मुळं उभ्या भिंतीवर मोकळी केली आणि मापात चितारली. काहींची मुळं माणसाच्या उंचीहून खोल. त्याची ती चित्रं मी तासन् तास पाहिलीत. वर गुडघाभर गवत आणि खाली भलीमोठी जटा. ती मुळं दरवर्षी थोडी मरतात, कुजतात, आणि तीच ती काळी. शेणखताची गाडी वरून ओतावी लागते. इथे ती हजारो वर्षं आतूनच रिकामी होत होती.

पिकं मोजकी: गहू, सातू, वाटाणा, काबुली चणा आणि मसूर. पुलमनमध्ये १९८९ पासून दर ऑगस्टात मसुराचा उत्सव भरतो. मोठ्या कढईतलं मसुराचं कालवण सगळ्यांना फुकट. मी रांगेत उभा राहून खाल्लं. चव म्हणाल तर फोडणीवाचून सगळं व्यर्थ.

गव्हाचं मात्र आपल्यावर ऋण आहे. ऑर्व्हिल वोगेल या पैदासकारानं जपानच्या 'नोरिन १०' या बुटक्या गव्हाचा संकर याच मातीत केला. कसदार रानात खत दिलं की उंच गहू लोळतो. बुटका उभा राहतो. त्याचं 'गेन्स' वाण १९६१ मध्ये आलं, पण बियाणं त्याआधीच मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोचलं होतं. १९६६ साली भारतानं मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं आणलं. वडिलांनी विहिरीवर पेरलेला कल्याणसोना त्याच कुळातला, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आणि याच पुलमनच्या कॉलेजात त्याच्याही कितीतरी आधी एक मराठी माणूस शेतीशास्त्र शिकून गेला होता: वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे. पुढे त्यांनी मेक्सिकोत मक्यावर काम केलं. विद्यापीठाच्या आवारात फिरताना त्यांच्या नावाची कुठे खूण दिसते का म्हणून मी उगीच पाट्या वाचत हिंडलो.

एवढी गुणाची माती, तर खोड काय? दगड नाही, म्हणून आधारही नाही. हिवाळ्यात जमीन गोठते, मग वरची चार बोटं वितळतात आणि त्यावर पाऊस आला की खाली मुरायला वाट नसते. तो पातळ झालेला थर उतारावरून घसरतच जातो. शिवाय दरवर्षी नांगर माती उताराकडेच पलटतो. १९७८ च्या सरकारी पाहणीत तिथल्या दहा टक्के शेतजमिनीवरचा काळा थर पुरता गेलेला आढळला. स्टेप्टो ब्यूटच्या माथ्यावरून पाहिलं की टेकड्यांची डोकी पिवळी दिसतात, टक्कल पडल्यासारखी. आता बरेच जण नांगर न घालता थेट धसकटात पेरतात.

दुसऱ्या खेपेला मुलगी मला एका जुन्या दफनभूमीत घेऊन गेली. चहूकडे गहू, मधे काटेरी तारेच्या आत दहा-वीस कबरी आणि कधीच न नांगरलेलं गवत. तिनं तार वर धरली, मी वाकून बाहेर शेतात पाय टाकला, आणि पाय अधांतरी राहिला. गवताच्या जमिनीवरून गव्हाच्या जमिनीवर उतरायला मला तिचा हात धरावा लागला. मांडीएवढी पायरी होती.