दोघींची वेगळी हजेरी

आईने एकीला लाल रिबिनी बांधून पाठवले होते, दुसरीला निळ्या. डबा खायच्या सुट्टीपर्यंत दोघींच्या एका वेणीला लाल आणि एका वेणीला निळी रिबीन झाली होती. दादऱ्यातल्या मराठी माध्यमाच्या एका शाळेत, बालवाटिकेच्या वर्गात बाईंच्या मदतीला मी जात असे, तेव्हाची ही गोष्ट. बाई रिबिनींच्या भरवशावर नव्हत्याच. त्यांनी दोघींना पाठमोऱ्या उभ्या करून डोक्यावरचे भोवरे पाहिले. मोठीचा उजवीकडे, धाकटीचा डावीकडे. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही बोटांचे ठसे वेगळे असतात, पण ते आधार केंद्राच्या कामाचे. वर्गात नजर टाकताच सापडेल अशी खूण लागते. ती मिळाल्यावर बाईंनी दोघींना कधी ‘ए जुळ्यांनो’ अशी हाक मारली नाही आणि शिपाईमामांनाही मारू दिली नाही.

खरी अडचण हजेरीच्या वेळी कळली. रजिस्टरमध्ये दोघींची नावे लागोपाठ होती. मोठीचे नाव पुकारले की ती ‘हजर’ म्हणायची, आणि धाकटीचे पुकारले तरी तीच म्हणायची. धाकटी नुसती तिच्या तोंडाकडे बघायची. पाणी हवे असले, बाहेर जायचे असले तरी सांगणारी मोठीच. बाईंनी रजिस्टर तसेच ठेवले, पण पुकारण्याचा क्रम बदलला. धाकटीचे नाव आता अगदी सुरुवातीला, मोठीचे शेवटून दुसरे. धाकटीचे नाव घेतले की बाई थांबत. मोठीने उत्तर दिले तर म्हणत, “तुझी पाळी यायचीय, बाळ.” वर्गातली बाकीची पोरे चुळबुळत, पण बाई पुढे सरकत नसत. पहिल्या दिवसांत धाकटीने फक्त हात वर केला. तोही बाईंनी हजेरी म्हणून मांडला.

या भागात भाषेमुळे हे काम आणखी नाजूक होते. दादरा म्हणजे वापीहून सिल्वासाला जाताना वाटेत लागणारा, गुजरातने चहूबाजूंनी वेढलेला छोटा तुकडा. २२ जुलै १९५४ रोजी तो पोर्तुगिजांच्या हातून सुटला. आज इथे कारखाने आहेत आणि कामगार देशभरातून आलेले आहेत. या मुलींच्या घरात अहिराणी, चाळीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत मराठी. एकटे मूल अशा ठिकाणी काही दिवस गप्प राहते आणि मग गरजेपोटी बोलू लागते. जुळ्यांना ती गरजच पडत नाही. अर्ध्या शब्दात समजणारे माणूस शेजारीच बसलेले असते. जुळ्यांत आपापसांतली खास बोली तयार होते हे जगभर पाहिले गेले आहे. तिला घाबरायचे कारण नाही, पण बाहेरची भाषा अंगवळणी पडावी म्हणून बाहेरच्यांशी बोलायचे प्रसंग मुद्दाम घडवावे लागतात.

बाई ते असे घडवत. धाकटीला खडू आणायला पाठवायचे. मोठी उठली की तिच्या हातात मणी ओवायला द्यायचे. आधी खडू दारातल्या टेबलावर असे, पुढे शेजारच्या वर्गात, मग ऑफिसात. गोष्टीच्या वेळी दोघी वेगवेगळ्या गटांत, जेवताना मात्र शेजारीशेजारी. जेवणाच्या वेळची ताटातूट बाईंना मंजूर नव्हती, आणि मलाही ते पटले.

पावसात एकदा धाकटीला ताप आला. आई दोघींनाही घरी ठेवणार होती. बाईंनी निरोप धाडला, मोठीला पाठवा. ती आली, पण दाराजवळ बसून राहिली. हजेरीला ‘हजर’ म्हणाली नाही, खिचडीचे दोन घास कसेबसे खाल्ले. सोबतीची जास्त गरज त्या बोलक्या मुलीला होती. त्यानंतर बाई खडू आणायला मोठीलाही पाठवू लागल्या.

जुळ्यांना एकाच वर्गात ठेवावे की वेगळे करावे, यावर बाहेरच्या देशांत खूप खल झाला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००५ साली कायदा करून आईवडिलांना यात मत मांडू दिले. ब्रिटन आणि कॅनडातल्या क्वेबेकमधल्या जुळ्यांवरचा २०१८ सालचा मोठा अभ्यास सांगतो की, एकत्र बसण्याने किंवा वेगळे होण्याने अभ्यासात म्हणावा असा फरक पडत नाही. आमच्याकडे एका इयत्तेची एकच तुकडी, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. वर्गाच्या आत रोज काय होते, ते जास्त मोलाचे.

बाई दोघींच्या घरी गेल्या तेव्हा मला कोसबाडची आठवण झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, अशी त्यांची रीत. अंगणात या दोघी निराळ्याच दिसल्या. धाकटी कोंबड्या हुसकत मोठमोठ्याने ओरडत होती.

याच भेटीत पहिलीचा विषय निघाला. मामाने एकीची इंग्रजी शाळेची फी भरायची तयारी दाखवली होती. आजी म्हणाली, “बोलकीला तिकडे घालू, बाई. धाकटी इथंच शिकंल.” मला धस्स झाले. या परिसरात असा विचार करणारी घरे थोडी नाहीत, आणि कुणाच्या मनात वाईटही नसते. ऐपत एकीपुरतीच असते, एवढेच.

बाई ओटीवर बसल्या. म्हणाल्या, “आजी, वर्ग वेगळे झाले तर निभेल. पण रोज सकाळी एकीनं बसमध्ये चढायचं आणि दुसरीनं उभं राहून बघायचं, हे नका करू. घालायचं तर दोघींना घाला, नाहीतर दोघींना इथं ठेवा.”

दोघी पहिलीला इथेच राहिल्या. मामाच्या पैशातून गोष्टींची पुस्तके आली. प्रत्येकीला वेगळी आणा, असे बाईंनी त्याला बजावून सांगितले होते.