पायलटचा राजीनामा आणि आपली उचल

विमानाचा पायलट नोकरी सोडतो की टिकतो, याच्याशी आपल्याला काय करायचंय? आमच्या आगरमध्ये बायकांशी हा विषय काढला तेव्हा हेच ऐकायला मिळालं. पण मैत्रिणींनो, थोडं ऐका तर खरं.

सप्टेंबर २०२३ मध्ये अकासा एअर ही जेमतेम वर्षभराची विमान कंपनी आपल्याच ४३ पायलटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोटीस न देता ते दुसरीकडे निघून गेले आणि उड्डाणं रद्द करावी लागली, असं कंपनीचं म्हणणं. २०१७ च्या सरकारी नियमाप्रमाणे कॅप्टनने एक वर्ष आणि को-पायलटने सहा महिने आधी राजीनामा द्यायचा असतो. कंपनीने ना-हरकत पत्र दिलं तरच लवकर सुटका. एक वर्ष! एवढ्यात तर घरातली लग्नं जमून बारसंही होतं.

कंपनीची बाजू अगदीच खोटी नाही, बरं का. बोइंग चालवणाऱ्याला उद्या एअरबसवर बसवता येत नाही, त्याचं वेगळं ट्रेनिंग लागतं. पायलट अचानक गेला तर प्रवासी विमानतळावर ताटकळतात. पण २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा पायलटांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. त्यांना कोणी वर्षभर आधी नोटीस दिली होती?

कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये सगळ्या बायकाच असलेलं विमान कलकत्त्याहून सिलचरला नेलं. तेव्हा देशात प्रवासी विमानसेवा सरकारीच होती, त्यामुळे सोडून दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला आणि पळवापळवी सुरू झाली. आज आपल्या देशात शंभरातल्या साधारण पंधरा पायलट बायका आहेत, जगाच्या मानाने पुष्कळच. म्हणजे हा आपल्या लेकींचाही प्रश्न आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. विश्रांतीचे नवे नियम आले आणि पायलट पुरेनात. तेव्हा पायलटांच्या फेडरेशनने आरोप केला की भरती थांबवली होती, शिवाय 'तुझी माणसं मी घेत नाही, माझी तू घेऊ नकोस' असा समझोताही होता. खरंखोटं चौकशीत ठरेल. पण तो समझोता कसा चालतो, हे आपल्या डहाणू-तलासरीला कोणी शिकवायला नको. एका वाडीवाल्याची उचल घेतलेल्या मजुराला शेजारचा कामावर घेत नाही. कागद नसतो, सही नसते. त्याच्याही आधी इथे लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. गोदावरी परुळेकरांनी १९४५ मध्ये वारली बांधवांना उभं केलं ते याच वेठीविरुद्ध. लाखो रुपये पगार घेणाऱ्या पायलटला मी त्या गड्याच्या रांगेत बसवत नाही. तसं म्हणणं म्हणजे त्या माणसांची थट्टाच. मात्र सोडून जायची वाट बंद झाली की मालकाला पगार वाढवायची गरज उरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आता नर्स झालेल्या आमच्या शेजारच्या मुलीचं सांगते. एका खाजगी दवाखान्याने रुजू होतानाच तिची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली, वर दोन वर्षांचा बाँड. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नकोस अशी अट सहसा टिकत नाही. पण मुदतीआधी सोडल्यास ठरलेली रक्कम भरायची अट टिकू शकते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दोन लाखांची अशी अट मान्य केली. म्हणून रक्कम किती, मुदत किती, हे सही करण्याआधी वाचा, आणि मूळ कागद न देता झेरॉक्स द्या.

तिला वापीच्या एका हॉस्पिटलात जास्त पगाराची नोकरी मिळतेय. त्यांनी मूळ सर्टिफिकेटं पंधरा दिवसांत मागितली आहेत. जुन्या दवाखान्याला लेखी अर्ज करून पोच घ्यायची, असं आम्ही ठरवलंय. सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे.