कॅरोलपची झाडं

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं, की पन्नासातली चाळीस मुलं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि काठावर कौलारू घर काढत. तो सूर्य कुणी पाहिलेला नसे. तो एका वहीतून दुसऱ्या वहीत उगवत असे. म्हणूनच पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅरोलपच्या मुलांची चित्रं प्रथम छापील रूपात पाहिली तेव्हा मी थबकलो. मावळतीच्या केशरी आभाळासमोर काळीभोर झाडं, आणि प्रत्येक झाडाची फांदी आपापल्या तऱ्हेनं वळलेली. झाडांखाली लांबत गेलेल्या सावल्या, मध्येच एखादा कांगारू. ही पाहून काढलेली चित्रं होती. काढणारी मुलं मात्र घरातून उचलून आणलेली होती.

ही मुलं तिथं कशी आली, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ साली झालेल्या कायद्यानं आदिवासी आणि मिश्र वंशाच्या मुलांचं पालकत्व ‘मुख्य संरक्षक’ नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेलं. जन्मदात्या आईचा शब्द त्यापुढे चालत नसे. मिश्र वंशाच्या मुलांना आईबापांपासून आणि भाषेपासून तोडलं की दोन-तीन पिढ्यांत ती गोऱ्या समाजात विरून जातील, असा हिशोब होता. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाचा अंदाज असा, की १९१० ते १९७० या काळात ऑस्ट्रेलियातल्या दर दहा आदिवासी मुलांमागे किमान एक, कदाचित तिनांमागे एक, असं हिरावलं गेलं.

कॅरोलप ही अशीच एक वसाहत. पर्थच्या आग्नेयेला अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर, कॅटॅनिंग गावाजवळ. हा प्रदेश नूंगार लोकांचा. मुलं रात्री कुलूपबंद निवासात असत. १९४६ मध्ये नोएल व्हाइट हे शिक्षक म्हणून आले. धास्तावलेली ही मुलं धड्यांना दाद देत नव्हती. व्हाइट त्यांना रानात फिरायला नेऊ लागले आणि परतल्यावर म्हणत, जे पाहिलंत ते काढा. शिक्षक म्हणून मला यातली खुबी कळते. त्यांनी मुलांना झाड कसं काढायचं ते शिकवलं नाही, झाडाजवळ नेलं. ती भूमी मुलांच्या पूर्वजांचीच होती. रेव्हेल कूपर, पार्नेल डेम्पस्टर, रेनॉल्ड हार्ट, बॅरी लू ही त्यांतली काही नावं.

१९४९ मध्ये फ्लॉरेन्स रटर ही सत्तरी ओलांडलेली इंग्रज बाई शाळेत आली आणि भारावून गेली. तिनं चित्रं युरोपात नेऊन प्रदर्शनं भरवली. १९५२ मध्ये मेरी ड्युरॅक यांच्यासोबत या मुलांवर पुस्तकही काढलं. आता क्रम नीट पाहा. तिकडे चित्रांची वाहवा होत होती आणि इकडे १९५० मध्ये शाळा बंद झाली. मुलं पांगली; मुलग्यांच्या वाट्याला शेतावरची मजुरी आली. कूपरच्या आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली. फ्रीमँटलच्या तुरुंगातही तो तीच झाडं रंगवत राहिला.

चित्रांचा प्रवास आणखी लांबला. रटर यांनी पैशांच्या ओढाताणीत संग्रह हर्बर्ट मेयर या अमेरिकन गृहस्थाला विकला. त्यानं १९६६ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाला दिला. तिथं तो बासनात पडून राहिला. २००४ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ हॉवर्ड मॉर्फी तिथं गेले असताना ही चित्रं त्यांच्यासमोर आली आणि त्यांनी ती ओळखली. २०१३ मध्ये शंभराहून अधिक चित्रं पर्थच्या कर्टिन विद्यापीठात परतली. त्यानंतरच्या प्रदर्शनाला नूंगार भाषेत नाव दिलं होतं: ‘कूलार्क कूर्ट कूर्लिनी’, म्हणजे काळीज घरी येतंय.

या चित्रांविषयी बोलताना ‘कला माणसाला तारते’ असं म्हणण्याचा मोह होतो. मला तो टाळावासा वाटतो. कलेनं कुणाला आईकडे परत पोचवलं नाही. ‘ही मुलंही एवढं करू शकतात!’ या कौतुकात एक अपमानही होता. जणू माणूस असल्याचा दाखला त्यांना रंगखडूनं मिळवायचा होता. सरकारनं संसदेत माफी मागायला २००८ चा फेब्रुवारी उजाडला.

तरीही कागद उरले, हे खरं. ज्यांच्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही, अशा घरातल्या कुणाला तिथं आजोबांनी बाराव्या वर्षी पाहिलेली संध्याकाळ पाहता येईल. चित्रात घर नाही, आईही नाही. मी माझ्या वर्गात अशा रिकाम्या जागांना गुण कापत असे.