अळीच्या आतड्यात जागे होणारे विष

चेन्नई शहरात डासांना पाण्याची वाण पडत नाही. कूवम व अडयार या नद्या आणि बकिंगहॅम कालवा यांच्या संथ, मैलामिश्रित पाण्यात हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्यूलेक्स जातीचे डास वाढतात. घरोघरच्या विहिरी आणि गच्चीवरील टाक्या यांतील स्वच्छ पाणी शहरी हिवतापाचा वाहक ॲनॉफिलीस स्टेफेन्सी याला मानवते. पिंपे, हौद आणि टाकून दिलेली भांडी यांत डेंग्यूचा वाहक एडिस इजिप्ती अंडी घालतो. गटाराच्या पाण्यावर तेल किंवा कीटकनाशक फवारता येते. परंतु विहिरीचे व टाकीचे पाणी माणसाच्या पोटात जाणारे असते. तेथे अळीला मारक आणि माणसाला निरुपद्रवी असे द्रव्य हवे. काही जीवाणू असे द्रव्य तयार करतात. विशेष हे की, जीवाणूच्या शरीरात असताना ते विष नसतेच. त्याचे विषात रूपांतर अळी स्वतःच करते.

दोन उपयुक्त जीवाणू

१९७६ साली इस्रायलमधील नेगेव वाळवंटात, डासांच्या मेलेल्या अळ्या असलेल्या एका डबक्यात मार्गालिथ आणि गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांना एक जीवाणू सापडला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचा तो एक उपप्रकार असून त्याला 'इस्रायलेन्सिस' असे नाव देण्यात आले. संक्षेपाने त्याला बीटीआय म्हणतात. दुसरा जीवाणू बॅसिलस स्फेरिकस होय. अलीकडे त्याची गणना लायसिनिबॅसिलस या प्रजातीत केली जाते. इंडोनेशियात सापडलेल्या त्याच्या १५९३ या वाणावर १९८० च्या दशकात मद्रासच्या (आजच्या चेन्नईच्या) अण्णा विद्यापीठातही संशोधन झाले. चेन्नईपासून जवळच असलेल्या पाँडिचेरी येथे १९७५ साली रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे बीटीआयचा एक देशी वाण वेगळा काढण्यात आला.

अन्न कमी पडू लागले की हे जीवाणू बीजाणूच्या रूपाने सुप्तावस्थेत जातात. त्याच वेळी ते विशिष्ट प्रथिनांचा साठा स्फटिकरूपात करतात. हेच भावी विष होय.

स्फटिकापासून विषापर्यंत

डासाची अळी पाणी ढवळून त्यातील सूक्ष्म कण खात असते. त्या कणांबरोबर हे स्फटिकही तिच्या मध्यांत्रात उतरतात. येथे पहिली पायरी सुरू होते. द्रवाची आम्लता किंवा अल्कता सामू या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. अळीच्या मध्यांत्राच्या पुढील भागात तो १० च्या वर असतो. एवढ्या तीव्र अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो आणि त्यातील प्रथिने सुटी होतात.

तरीही ती अद्याप निष्क्रिय असतात. अडकित्त्याने सुपारी कातरावी तशी अळीची पाचक विकरे या लांबलचक प्रथिनांचे तुकडे करतात. वास्तविक हे काम अन्न पचविण्याचे. पण या प्रथिनांचा गाभा विकरांना दाद देत नाही. नेमका तोच गाभा मारक असतो. स्फेरिकसच्या बाबतीत सुमारे ४२ हजार आणि ५१ हजार डाल्टन वजनाची दोन प्रथिने अनुक्रमे सुमारे ३९ आणि ४३ हजारांवर येतात. त्यांपैकी एकट्याने कार्य नीट होत नाही. दोघांची जोडी लागते.

तिसरी पायरी चिकटण्याची. मध्यांत्राच्या पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट ग्राही रेणू असतात. स्फेरिकसचे मोठे प्रथिन क्यूलेक्सच्या आतड्यातील, साखर पचविणाऱ्या एका विकराला धरून बसते आणि लहान प्रथिनाला पेशीपर्यंत आणते. बीटीआयची सक्रिय झालेली प्रथिने एकत्र जुळून पेशीच्या पटलात छिद्रे पाडतात. छिद्रांतून क्षार व पाणी शिरून पेशी फुगते आणि फुटते. अळीचे खाणे थांबते व ती मरते. बीटीआयने हे बहुधा एका दिवसात घडते. स्फेरिकसला अधिक वेळ लागतो.

माणूस सुरक्षित का

या साखळीतील एकही दुवा निखळला तरी विष निर्माण होत नाही. माणसाच्या जठरातील रस तीव्र आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात ते ग्राहीही नसतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातही बीटीआय वापरण्यास मान्यता दिली आहे. मात्र हाच नियम मर्यादाही घालतो. एडिस इजिप्तीच्या अळीवर स्फेरिकसचा प्रभाव फारसा पडत नाही. मैलापाण्यात मात्र तो बीटीआयपेक्षा अधिक काळ टिकतो. म्हणून कालव्यातील क्यूलेक्सवर तो अधिक उपयोगी पडतो.

प्रतिकाराचा धोका

ज्याचा सारा भर एकाच ग्राहीवर आहे, ते अस्त्र लवकर बोथट होते. केरळातील कोची येथे स्फेरिकसची वारंवार फवारणी झाल्यानंतर क्यूलेक्स डासांत तीव्र प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. इतरत्र काही प्रतिकारक डासांत असे दिसून आले की, जनुकातील बदलामुळे तो ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर टिकतच नाही. कुंडलीतील बाकी सारे ग्रह जुळूनही विष बाहेरच राहते. बीटीआयमध्ये अनेक प्रथिने एकत्र असतात. त्यांतील सायट नावाचे प्रथिन ग्राहीवाचूनही पटलात शिरते आणि इतर प्रथिनांना जणू नवा ग्राहीच पुरवते. त्यामुळे बीटीआयविरुद्ध प्रतिकार सहजासहजी उद्भवत नाही.

यावरून वापराचे नियम आपोआप ठरतात. पाण्याचा प्रकार आणि डासाची जात पाहून जीवाणू निवडावा आणि एकाच अस्त्रावर दीर्घकाळ विसंबू नये. कोष काहीच खात नाही. म्हणून औषध अळ्या लहान असतानाच पाण्यात पडले पाहिजे. हे सारे केले, तरी झाकण नसलेली टाकी आणि तुंबलेला कालवा पुन्हा नव्या अळ्यांना जन्म देतच राहतात. जीवाणू अळीला मारतो. पाणी झाकण्याचे आणि वाहते ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.