गळू, गुरांतील

गळू, गुरांतील : गाई-म्हशींच्या शरीरात मर्यादित जागी पू साचून आलेला फुगवटा. काटा, तार वा शिंग लागून झालेल्या जखमेतून, तसेच अस्वच्छ सुईने दिलेल्या अंतःक्षेपणातून (इंजेक्शनातून) पूयजनक सूक्ष्मजंतू आत शिरतात. सोनारी (ता. परांडा, जि. धाराशिव) सारख्या कोरडवाहू भागात बाभळीचे काटे व ज्वारीची धसकटे ही नेहमीची कारणे होत. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लंपी चर्मरोगातही गाठी झडून पडलेल्या जखमांत असा दुय्यम संसर्ग होऊ शकतो. पुवाभोवती तंतुमय कवच बनते व प्रतिजैव औषधे त्यातून पुरेशी आत पोहोचत नाहीत. म्हणून पिकलेल्या गळवाला छेद देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार ठरतो.

मात्र प्रत्येक फुगवटा गळू नसतो. वासराच्या बेंबीजवळची मऊ गाठ अंतर्गळाची (आतडे बाहेर सरकल्याने आलेली) असू शकते आणि तीवर शस्त्र चालविल्यास आतडे कापले जाऊन वासरू दगावते. मार लागून आलेल्या फुगवट्यात रक्त साकळलेले असते. तो लगेच फोडल्यास रक्तस्राव आवरत नाही. अंतर्गळ बहुधा दाबल्यास आत जातो. ती शंका दूर झाल्यावर निर्जंतुक जाड सुई टोचून आत काय आहे ते पाहतात. गळू कच्चे असेल, तर ते पिकण्यासाठी गरम पाण्याने शेकतात.

जनावरास खोड्यात बांधून जागेवरील केस कापतात, त्वचा आयोडिनाने पुसतात व स्थानिक बधिरक टोचतात. मोठ्या रक्तवाहिन्या टाळून सर्वांत खालच्या भागी उभा, पुरेसा लांब छेद घेतात. लहान छिद्र लवकर मिटते आणि पू पुन्हा साचतो. गावठी उपचारात हीच चूक वारंवार होते. बोटाने आतील पडदे मोडून पोकळी सौम्य जंतुनाशकाने धुतात व आयोडिनात भिजविलेली कापडी पट्टी, एक टोक बाहेर ठेवून, आत भरतात. ती रोज बदलून दरवेळी थोडी कमी करतात. जखम तळापासून भरून यावी लागते, म्हणून टाके घालीत नाहीत. माश्या बसून अळ्या पडू नयेत यासाठी कडेने माशीरोधक मलम लावतात. निघालेला पू गोठ्यात न सांडता जाळतात किंवा पुरतात.

कासेतील खोल गळू सहसा उघडत नाहीत. दुग्धवाहिनी कापली गेल्यास तेथून दूध सतत गळत राहते. प्रतिजैव औषधे दिली असल्यास त्यांच्या वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत त्या जनावराचे दूध विक्रीस वा घरात वापरीत नाहीत.