रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

बेगमपेटच्या निजामिया वेधशाळेत एकेकाळी काचेच्या फोटोपट्ट्यांवरचे तारे एकेक करून मोजले गेले. आकाशाचा फोटो-नकाशा करायचे पॅरिसमध्ये १८८७ साली ठरले आणि वेधशाळांनी आकाश वाटून घेतले. आपल्या हैदराबादकडे उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा आला. अनुराधा नक्षत्रातले दोन ठळक तारे त्यातच येतात. जगभरची ही मोजणी पुढे संगणकात उतरली आणि २००० सालच्या 'टायको-२' यादीत ताऱ्यांची गती काढायला उपयोगी पडली.

अशी यादी स्वतः वाचून नकाशा काढायचा, असे आम्ही मुलांबरोबर ठरवले. 'टायको-२' मध्ये पंचवीस लाख तारे, म्हणून सुरुवात येलच्या तेजस्वी ताऱ्यांच्या यादीने केली. तिच्यात ९,११० नोंदी आहेत.

या फाइलमध्ये स्वल्पविराम नाहीत. जुन्या खतावणीसारखे रकाने ठरलेले. आम्ही आधी मोकळी जागा दिसेल तिथे ओळ तोडली. पण बऱ्याच ताऱ्यांना नावच नाही, त्यामुळे त्यांचे रकाने सरकले आणि भलताच आकडा हाती आला. मग अक्षरे मोजली. ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, १०३ ते १०७ या अक्षरांत असतो. पायथन शून्यापासून मोजतो आणि शेवटचा आकडा धरत नाही, म्हणून तिथे १०२ ते १०७ लिहायचे.

तरी नकाशात मीन राशीत अभिजितइतका तेजस्वी तारा उगवला! मीनेत असा ताराच नाही. शोधल्यावर कळले, की यादीतल्या १४ नोंदी ताऱ्यांच्या नाहीतच. नवतारे वगैरे, केवळ जुने क्रमांक बिघडू नयेत म्हणून ठेवलेल्या. त्यांची प्रत आणि स्थान दोन्ही कोरे. आमच्या प्रोग्रामने कोरे म्हणजे शून्य धरले. प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी, पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. म्हणून शून्य प्रत म्हणजे जवळजवळ अभिजितच. स्थानही शून्य, त्यामुळे चौदाही एकाच ठिपक्यावर. आता कोरी ओळ सरळ वगळतो.

पडताळणीला व्याध घ्या, उणे १.४६ यायला हवे. अनुराधेचा मधला तारा यादीत २.३२ आहे, पण २००० साली तो उजळू लागला, यादी त्याआधीची. मे महिन्यात रात्री गच्चीवरून तो शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहा.