नवा परफॉर्मन्स क्लच रुळवताना

नव्या क्लच प्लेटचे अस्तर आणि फ्लायव्हील सुरुवातीला फक्त आपापल्या उंचवट्यांवर एकमेकांना टेकतात. तेवढ्याच जागी उष्णता साठली, तर ऑरगॅनिक अस्तरातली राळ पृष्ठभागावर येते, तो काचेसारखा गुळगुळीत होतो आणि क्लच घसरू लागतो. त्यामुळे जुने फ्लायव्हील लेथवर सपाट करून, तेलाचा अंशही न ठेवता बसवावे लागते. मग बहुतेक उत्पादक पहिले सुमारे ८०० किलोमीटर गाडी सौम्यपणे, थांबत-निघत चालवायला सांगतात.

खरे तर मोजायला हव्यात त्या क्लच दाबण्या-सोडण्याच्या वेळा. नाशिक-मुंबई महामार्गावर वरच्या गिअरमध्ये जाऊन आल्याने आकडा वाढतो, प्लेट मात्र जवळपास कोरीच राहते. नाशिकच्या द्वारका चौकातली गर्दी किंवा सातपूरला कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ या कामाला अधिक उपयोगी! कसारा घाटाच्या चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे आणि इंजिन रेस करून क्लच झटक्यात सोडणे या काळात टाळायचे.

राष्ट्रीय मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिक परिसरात झाली आहे. तसल्या स्पर्धेच्या गाड्यांत सिरॅमेटॅलिक प्लेट शोभते. ती जास्त उष्णता सोसते, पण धक्क्याने पकडते आणि तिची थरथर रुळल्यावरही पुरती जात नाही. रोजच्या गाडीत ती हौसच म्हणायची.

रुळल्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. वेग न वाढता इंजिनाचे फेरेच चढले, तर क्लच घसरतो आहे.